सत्तावीस की चौसष्ट?

आमच्या शेजारची मुलगी तिसरीत आहे. द्रोणागिरीत सिडकोच्या सेक्टरमध्ये घर, आई करंजाची, त्यामुळे घरात बोलणं कोळी वळणाचं. परवा तिनं मराठीचा तपासलेला पेपर दाखवला. गुण चांगले होते. मी कौतुकानं गोष्टीचं पुस्तक पुढं केलं, तर ती पहिल्याच जोडाक्षराला अडली. ‘मग पेपर कसा सोडवलास?’ ती म्हणाली, ‘प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या बाजूचं लिवायचं.’

आईचा प्रश्न साधा होता : हिला वाचता येतं की नाही? उत्तरासाठी मी सरकारी आणि बिनसरकारी अहवाल उघडले.

2024 या एकाच वर्षातले दोन आकडे घ्या. प्रथम संस्थेचा ‘असर’ सांगतो, की देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या 27.1 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. केंद्राचं ‘परख’ सर्वेक्षण 4 डिसेंबरला झालं. त्यात तिसरीचा भाषेचा राष्ट्रीय आकडा 64 टक्के. सत्तावीस की चौसष्ट? फॉरवर्ड करणारे आपापल्या राजकारणाला सोयीचा आकडा उचलतात. खरं तर हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीतच.

‘असर’चा आकडा मुलांचा आहे. स्वयंसेवक घरी येतो, मुलापुढं कागद धरतो : अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. शंभरातल्या किती मुलांनी गोष्ट वाचली, ते मोजतो. ‘परख’चा आकडा उत्तरांचा आहे. मुलं शाळेत बसून पर्यायांतून उत्तर निवडतात आणि सरासरी किती टक्के उत्तरं बरोबर आली, ते कळतं. 64 टक्के म्हणजे ‘शंभरातली चौसष्ट मुलं वाचतात’ असं नव्हे. पर्याय असले की अंदाजानंही काही उत्तरं बरोबर येतात. अर्थात ‘असर’लाही मर्यादा आहे : त्याची शिडी दुसरीच्या पातळीवर संपते आणि मुलानं वाचलं ते त्याला समजलं का, हे ती विचारत नाही.

तिसरा आकडा राज्याचा. 2023 पासून पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात. प्रश्नपत्रिका राज्याची, पण परीक्षा घेणारे आणि पेपर तपासणारे शाळेतलेच शिक्षक. गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे. शिक्षकाला ‘कोण कुठं अडलंय’ हे कळावं म्हणून ही पद्धत उत्तम. पण त्याच गुणांवरून शाळांची तुलना व्हायला लागली, की शिक्षकाच्या हातातलं थर्मामीटर त्याचंच प्रगतिपुस्तक होतं. मग ताप खरा कोण लिहील? दोष शिक्षकाच्या प्रामाणिकपणाचा नाही. एकाच चाचणीकडून निदानही हवं आणि निकालही, ही चूक वरच्यांची.

अमेरिकेनं हा घोळ आधी घातला. 2002 मध्ये लागू झालेल्या कायद्यानं प्रत्येक राज्याला स्वतःच्या परीक्षेत ‘प्रवीण’ म्हणजे काय, हे ठरवायची मुभा दिली. काही राज्यांनी पट्टी इतकी खाली आणली, की त्यांची मुलं कागदावर हुशार झाली. मात्र तिथं एक चांगली गोष्टही झाली. 2003 पासून संघीय सांख्यिकी केंद्र प्रत्येक राज्याची रेषा राष्ट्रीय परीक्षेच्या पट्टीवर कुठं पडते, ते जाहीर करतं. चौथीच्या वाचनात बहुतेक राज्यांचं ‘प्रवीण’ राष्ट्रीय पट्टीवर फक्त ‘मूलभूत’ पातळीत मोडतं. आकडे वेगळे राहिले, तरी फरक किती आहे, हे पालकांना समजतं.

आपल्याकडं असा नकाशा हवा. राज्याच्या चाचणीतले गुण ‘परख’च्या पट्टीवर कुठं बसतात? दर तालुक्यात थोड्या मुलांची तोंडी वाचनचाचणी बाहेरच्या माणसानं घेतली, तर शाळेचा आकडा आणि प्रत्यक्ष वाचन यांतलं अंतर किती? हे फार खर्चाचं काम नाही. ‘निपुण भारत’नं तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य आधीच ठरवलंय.

द्रोणागिरीसारख्या ठिकाणी तर याची गरज जास्त. ‘असर’ ग्रामीण भागातच जातो, जिल्ह्यात तीस गावं आणि गावात वीस घरं. ‘परख’ जिल्ह्याच्या आकड्याशी थांबतं. रायगडच्या सरासरीत डोंगरातली वाडी आणि बंदराशेजारचा टॉवर एकत्र विरघळतात. गाव मागे पडलंय, शहर पूर्ण आलेलं नाही, अशा वस्तीतलं मूल कुठल्याच रकान्यात नीट दिसत नाही. घरातली कोळी-आगरी बोली आणि पुस्तकातली प्रमाण मराठी यांतलं अंतर तर एकाही रकान्यात नाही.

आईला मी शेवटी एवढंच सांगितलं : पेपर बाजूला ठेवा, रोज दहा मिनिटं तिला मोठ्यानं वाचायला लावा आणि काय वाचलं ते तिच्याच बोलीत विचारा. आता मुलगी संध्याकाळी पुस्तक घेऊन आमच्या दारात येते. जोडाक्षराला अजून अडते. पण बाजूचा शब्द शोधत नाही, थांबते आणि विचारते.

तिची ही प्रगती कुठल्याच अहवालात येणार नाही. पण पुढच्या वेळी ‘महाराष्ट्र पुढे’ किंवा ‘महाराष्ट्र घसरला’ असा मथळा दिसला, तर शेअर करण्याआधी विचारा : हे टक्के मुलांचे की उत्तरांचे? पेपर कुणी घेतला, कुणी तपासला? आणि मुलानं मोठ्यानं वाचलेलं कुणी ऐकलं का?