न्यायाधीशाची कादंबरी : चिं. वि. वैद्य आणि 'दुर्दैवी रंगू'

चिंतामण विनायक वैद्य (१८६१–१९३८) आपल्या विद्यार्थ्यांना भेटतात ते महाभारताचे अभ्यासक म्हणून. कल्याणला जन्म, वकिली, ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीशपद, १९०८ च्या पुणे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एवढी माहिती कोशात सहज मिळते. १९१४ ची 'दुर्दैवी रंगू' ही पानिपतच्या काळावरील कादंबरी मात्र ग्रंथयादीत एका ओळीची धनी होऊन राहते. हे बरोबर नाही.

वैद्यांची संशोधनाची रीत न्यायालयातली आहे. १९०५ च्या महाभारतावरील इंग्रजी ग्रंथात ते व्यास, वैशंपायन आणि सौती यांचे थर वेगळे करतात; कोण बोलतो आणि कोणासमोर, हे आधी तपासतात. पुराव्याची इतकी सवय असलेला माणूस कल्पित कथेकडे का वळला असावा?

माझ्या मते उत्तर पानिपतच्या साधनांत आहे. काशीराजाचा फारसी वृत्तांत आहे, मराठी बखरी आहेत. सरदारांची नावे त्यांत भरपूर सापडतात. छावणीबरोबर गेलेल्या हजारो स्त्रिया आणि यात्रेकरू मात्र बहुतेक निनावीच राहतात. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंसारखी एखादीच नावाने उरते. ज्यांची साक्ष कोणी नोंदवलीच नाही, त्यांच्यासाठी रंगूसारखे पात्र कल्पावे लागते. शिवाय वैद्य ज्या शिंद्यांच्या चाकरीत होते, त्या घराण्याने दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर आणि जनकोजी पानिपतात गमावले होते. महादजी वाचले, तेही पायाची जखम घेऊन.

एक आक्षेप नोंदवायलाच हवा. पुढे इ. स. ६०० ते १२०० या काळाचा तीन खंडांत इतिहास लिहिताना वैद्यांनी त्याला 'मध्ययुगीन हिंदू भारत' म्हटले. धर्माच्या नावाने कालखंड पाडण्याची ही चौकट पानिपतला लावून पाहावी. मराठ्यांच्या तोफा आणि शिस्तीचे पायदळ इब्राहिमखान गारदी याच्या हाती होते. पराभवानंतर तो पकडला गेला व मारला गेला. कादंबरी वर्गात शिकवताना प्राध्यापकांनी गारद्याला रंगूच्या शेजारी उभे करावे. दोघांची कैफियत एकाच पराभवाची आहे.

निसरपुरकडच्या विद्यार्थ्याला तर हे लांबचे वाटू नये. त्याच्या जिल्ह्याचे ठाणे असलेल्या धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये त्याच रणावर पडले.