धाकधूक, हुरहूर आणि उत्कंठा : भावशब्दांच्या भाषांतराचा एक प्रश्न

भाषांतराची कसोटी पारिभाषिक संज्ञांपेक्षा नित्याच्या भावशब्दांत अधिक कठोरपणे लागते. पारिभाषिक संज्ञेचा अर्थ व्याख्येने बांधलेला असतो; पर्याय योजिला आणि व्याख्या दिली की काम भागते. भावशब्दाला असा आधार नसतो. तो कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या वाक्यरचनेत येतो, यावरच त्याचा अर्थ उभा असतो. इंग्रजीतील ‘नर्व्हस’ आणि ‘एक्सायटेड’ हे शब्द मराठीत आणताना जी ओढाताण होते, ती याच कारणाने होते. पर्यायांची उणीव हे तिचे कारण नव्हे. इंग्रजीने या भावप्रदेशात जी सीमारेषा आखली आहे ती मराठीत त्याच जागी नाही, आणि हे न ओळखता शब्दास शब्द जुळविला जातो, हा खरा दोष होय.

या प्रश्नाच्या अभ्यासास नागपूर जिल्ह्यातील काटोलचा परिसर विशेष सोयीचा आहे. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील हे तालुक्याचे गाव. याच मार्गाने नरखेड ओलांडले की मध्य प्रदेशातील पांढुर्णा येते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच द्विभाषिक राज्यात मोडत होता. ग्रिअर्सनने भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीची नोंद केली, तीही या प्रदेशाच्या सरमिसळीची साक्ष देते. येथील माणसाच्या वाट्याला घरची नागपुरी बोली, शाळेतील प्रमाण मराठी, बाजारातील हिंदी आणि औषधाच्या चिठ्ठीवरील इंग्रजी अशी चार भाषारूपे येतात. भाषांतर हा त्याच्या दृष्टीने ग्रंथव्यवहार नसून नित्यव्यवहार आहे.

प्रथम मराठीतील शब्दसंपत्ती पाहावी. ‘धडधड’ छातीत होते. तिला कारण भीतीचे असो वा आनंदाचे, शब्द बदलत नाही. ‘धाकधूक’ निकालापूर्वीची असते. गोष्ट एकदा ठरली, मग ती मनासारखी ठरो वा मनाविरुद्ध, की धाकधूक संपते. ‘हुरहूर’ हिला पुष्कळदा निश्चित विषयच नसतो. लेक सासरी निघण्याच्या आदल्या रात्री आईला लागते ती हुरहूर; तीत दुःख आहे, परंतु ती नकोशी आहे असे कोणी म्हणणार नाही. ‘जीव टांगणीला लागणे’ यात दीर्घ प्रतीक्षा आहे, ‘घालमेल’ होते तेव्हा मन दोहों बाजूंस ओढले जाते, ‘तगमग’ शरीरास स्वस्थ बसू देत नाही. या साऱ्या शब्दांना वेगळे करणारे निकष कोणते? एक, भाव शरीरात कोठे जाणवतो. दोन, तो घटनेच्या आधीचा की नंतरचा. आणि तीन, त्याचा शेवट कशाने होतो. तो सुखाचा की दुःखाचा, हा निकष यांपैकी बहुतेक शब्दांच्या बाबतीत गौण ठरतो. इंग्रजीतील उपर्युक्त जोडी मात्र मुख्यतः याच निकषावर उभी आहे. शरीराची अवस्था बहुतांशी सारखीच. अपेक्षा सुखाची असेल तर एक शब्द, अनिष्टाची असेल तर दुसरा.

इतर भाषांकडे पाहता इंग्रजीची ही विभागणी सार्वत्रिक नाही हे सहज ध्यानात येते. जर्मन भाषेतील ‘आउफगेरेग्ट’ हा शब्द परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्यास आणि सहलीला निघालेल्या मुलास सारखाच लागू पडतो. डच भाषेतील ‘स्पानंद’ हे विशेषण कथेच्या रंगतीसही लावतात आणि जिवाला घोर लावणाऱ्या प्रसंगासही. जपानीत छातीच्या ठोक्यांचे अनुकरण करणारा ‘दोकिदोकि’ हा शब्द भय आणि आनंद या दोहोंस चालतो. तथापि निव्वळ सुखद प्रतीक्षेसाठी ‘वाकुवाकु’ हा वेगळा शब्द त्याच भाषेत आहे. मराठीचे या बाबतीत जपानीशी असलेले साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. ‘धडधड’, ‘हुरहूर’, ‘धाकधूक’ हे शब्द द्विरुक्त व अनुकरणात्मक घडणीचे आहेत. अशा शब्दांची विपुलता हा आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांतील भारतीय भाषांचा समान विशेष होय, हे एमेनो यांनी १९६९ मध्ये सविस्तर दाखविले. या घडणीचा शब्द भावाला नाव देण्यापेक्षा त्याची चाल ऐकवितो. आणि चाल ऐकविणाऱ्या शब्दाला इष्ट-अनिष्टाचा निवाडा करण्याचे कारण उरत नाही.

भारतीय साहित्यशास्त्राला हा विचार अपरिचित नव्हता. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘आवेग’ हा एक आहे, आणि त्याच्या कारणांत प्रिय वार्तेचे श्रवण व अप्रिय वार्तेचे श्रवण ही दोन्ही येतात. आठ सात्त्विक भावांपैकी ‘रोमांच’ भयाने येतो तसा हर्षानेही येतो, ‘वेपथू’चेही तसेच. याचा अर्थ भरताला सुखदुःखाचा भेद मान्य नव्हता असा नव्हे. ‘हर्ष’ आणि ‘त्रास’ हे भाव त्याने वेगळेच गणले आहेत. परंतु क्षोभाची एक अवस्था या भेदाच्या अलीकडची असते, आणि तिला स्वतंत्र नाव असावे, ही जाण त्या वर्गीकरणात स्पष्ट दिसते.

शब्दार्थाच्या इतिहासातही हीच सरमिसळ आढळते. वैद्यकात ‘आतुर’ म्हणजे रोगी. मराठीत तोच शब्द भेटीसाठी उत्सुक झालेल्या माणसास लावतात. ‘उत्कंठा’ म्हणजे मुळात मान उंचावणे. इंग्रजीतील ‘अँक्शस’ या शब्दाच्या मुळाशी गळा आवळण्याची लॅटिन कल्पना आहे. तरीही एखादी गोष्ट करण्यास उत्सुक, या अर्थी तो शब्द इंग्रजीत रूढ झाला. ‘नर्व्हस’ हा शब्द एके काळी स्नायूंनी बळकट अशा पुरुषाचे वर्णन करीत असे. पुढे तो दुर्बळ मज्जातंतूंचा वाचक झाला. वैद्यकीय मराठीत या शब्दाची जागा ‘मज्जासंस्था’ या समासाने घेतली आहे, पण त्यातून भावाचा अर्थ पूर्णपणे गळाला आहे. म्हणजे इंग्रजीत जो शब्द एक आहे त्यासाठी मराठीला शरीरशास्त्रात एक आणि व्यवहारात दुसरी, अशी सर्वस्वी भिन्न साधने वापरावी लागतात.

यापुढील अडचण व्याकरणाची आहे, आणि तिच्याकडे भाषांतरकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. इंग्रजीत दोन्ही भाव एकाच साच्यात बसतात: कर्ता, क्रियापद आणि विशेषण. मराठीत मात्र ‘मला धाकधूक वाटते’, ‘मला हुरहूर लागली’, ‘माझ्या जिवाची घालमेल होते’, ‘छातीत धडधडते’ अशी वाक्ये होतात. यांत अनुभवणारी व्यक्ती प्रथमेत नाही. भाव तिच्याकडे येतो, तिला लागतो, तिच्या ठायी होतो. ‘मी घाबरलो’ हा अपवाद खरा, पण तेथे निखळ भय आहे. उलट ‘मी उत्सुक आहे’, ‘मी आतुर आहे’ असा प्रथमेचा साचा मुख्यतः संस्कृत विशेषणांसाठी राखलेला आहे. परिणामी इंग्रजी वाक्याचा साचा कायम ठेवणाऱ्या भाषांतरकाराच्या हाती आपोआप संस्कृत शब्दच येतो. भाषांतरे पुस्तकी वाटतात याचे खापर नेहमी शब्दनिवडीवर फोडले जाते. वास्तविक शब्दाची निवड त्याआधीच वाक्याच्या साच्याने केलेली असते.

‘उत्तेजित’ या पर्यायाची गत याचे उत्तम उदाहरण होय. ‘उत्तेजन’ म्हणजे मराठीत प्रोत्साहन. म्हणूनच तिसऱ्या क्रमांकानंतरच्या स्पर्धकास ‘उत्तेजनार्थ’ पारितोषिक मिळते. ‘उत्तेजक द्रव्य’ खेळाडूस वर्ज्य असते. ‘उत्तेजित’ मात्र प्रक्षुब्ध जमावास किंवा कामविकाराच्या संदर्भात लावतात. सहलीच्या कल्पनेने हरखलेल्या मुलीच्या तोंडी हा शब्द घालणे म्हणजे कोशाचा आधार असूनही भाषेचा अपराध करणे होय. हिंदीच्या वाटेने आलेले ‘उत्साहित’ हे रूप वरवर निर्दोष दिसते, परंतु मराठी ‘उत्साह’ हा कार्य करतानाचा जोम आहे. वीररसाचा स्थायी भाव म्हणून भरताने तोच सांगितला. प्रतीक्षेतील अधीरता त्यात येत नाही.

काटोलकडील बोलीत याहून निराळी सोय आहे. ‘मले कसंतरी होऊन राहिलं’ या वाक्यात भावाला नावच नाही. ‘होऊन राहिलं’ या रचनेने अवस्था चालू आहे एवढे मात्र नेमके सांगितले आहे. हे वाक्य वैद्यासमोर येते तेव्हा त्याचे महत्त्व वाढते. ‘जीव घाबरतो’ अशी तक्रार हिंदीत ‘घबराहट’ आणि इंग्रजीत ‘अँग्झायटी’ होऊन कागदावर उतरली, तर रुग्णाने छातीबद्दल सांगितले होते की मनाबद्दल, हा प्रश्नच पुसला जातो. हृदयविकाराची सूचना आणि मनाची अस्वस्थता या दोहोंना कवेत घेणारे वाक्य पहिल्याच भाषांतरात एका बाजूस ढकलले जाते. येथे भाषांतराची चूक केवळ वाङ्मयीन राहत नाही.

मानसशास्त्रातील मापनिकांच्या बाबतीत हीच आपत्ती पद्धतशीर रूप धारण करते. वॉटसन, क्लार्क आणि टेलेगेन यांनी १९८८ मध्ये सिद्ध केलेल्या भावमापनिकेत वीस शब्द आहेत. दहा अनुकूल भावांचे, दहा प्रतिकूल भावांचे. ‘एक्सायटेड’ पहिल्या गटात, ‘नर्व्हस’ दुसऱ्या गटात. मराठीत आणताना ‘हुरहूर’ कोणत्या गटात घालावी? ‘उत्कंठा’ कोठे? जो भाव कोणत्याही एका गटात बसत नाही तो मापनिकेतून वगळला जाईल, आणि मग मराठी भाषकांना तो भाव नाही असा निष्कर्ष संख्यांच्या आधारे काढता येईल. २००६ मधील सात प्रश्नांच्या चिंतामापनिकेत पहिल्याच प्रश्नात तीन जवळपास समानार्थी इंग्रजी शब्द एकत्र आले आहेत. त्यांस तीन मराठी विशेषणे शोधण्यापेक्षा ‘धाकधूक’, ‘धास्ती’ आणि ‘जीव थाऱ्यावर नसणे’ अशा तीन भिन्न रचना योजणे अर्थाच्या अधिक जवळ जाईल.

यावर असा आक्षेप संभवतो की, बोलणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःच सोडविला आहे. आजचा विद्यार्थी ‘टेन्शन आलं’ म्हणतो आणि ‘एक्सायटेड आहे’ असेही म्हणतो. शुद्धतेच्या नावाखाली या शब्दांचा धिक्कार करणे निष्फळ आहे. शिवाय ‘टेन्शन’ने मराठी साचा स्वीकारला, ते ‘येते’ आणि ‘जाते’, हेही नमूद केले पाहिजे. परंतु या दोन शब्दांनी इंग्रजीची सीमारेषा सोबत आणली. ‘टेन्शन’ अनिष्टाच्या बाजूस स्थिरावले, ‘एक्सायटेड’ इष्टाच्या. चिंता करण्याजोगी गोष्ट परकीय शब्द ही नसून, दोहोंच्या मध्ये असलेला जो प्रदेश मराठीने नावानिशी सांभाळला होता त्याचे संकोचन ही आहे.

‘ताण’ या शब्दाचे काटोलमधील वर्तन या दृष्टीने उद्बोधक आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘ताण’ म्हणजे व्याधीचे कारण. काटोलच्या संत्राबागेत मात्र ताण बुद्धिपुरस्सर दिला जातो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात, मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. वाढ थांबते, झाड विश्रांती घेते. मग पाणी देऊन ताण तोडला की फुले येतात. ताण कमी पडला तर बहार फुटत नाही, अधिक झाला तर झाड खचते. बागाईतदाराच्या वापरात हा शब्द इष्टही नाही, अनिष्टही नाही. तो घटनेपूर्वीच्या एका अवस्थेचे आणि तिच्या प्रमाणाचे नाव आहे. पुस्तकी ‘ताण’ हा इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून बरोबर आहे, परंतु बागेतील अर्थ त्याच्या मागे पडला आहे.

भाषांतरकाराने काय करावे, याचे उत्तर यातून मिळते. मूळ शब्दास पर्याय शोधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: भाव शरीरात कोठे जाणवतो, तो कोणत्या घटनेच्या अलीकडचा आहे, आणि अनुभवणारा वाक्यात कोणत्या विभक्तीत उभा आहे. मापनिका सिद्ध करणाऱ्यांनी शब्दांची यादी देण्याऐवजी प्रसंगांवर बोलीभाषकांची वाक्ये गोळा करावीत. निकालाची आदली रात्र, लेकीची पाठवणी आणि ताण तोडल्यानंतर फुलोऱ्याची वाट पाहण्याचे दिवस, एवढे तीन प्रसंग घेऊन काटोल आणि पांढुर्णा येथे वाक्यसंग्रह केला तरी नागपुरी, प्रमाण मराठी आणि हिंदी यांच्या भावप्रदेशाचा तौलनिक नकाशा आखता येईल. पदव्युत्तर प्रबंधास हा विषय पुरेसा आहे, आणि त्या नकाशाचा पहिला उपयोग रुग्णाची तक्रार लिहून घेणाऱ्यास होईल.