यंत्रकवचातील सैनिक : ‘द फॉरेव्हर वॉर’संबंधी एक टिपण

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) या कादंबरीतील यंत्रकवच सैनिकाचे बळ अनेक पटींनी वाढविते. व्हिएतनाम युद्धात जखमी झालेल्या जो हाल्डमन यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) मध्येही असेच कवच आहे. या कादंबरीतील कालविस्ताराची चर्चा पुष्कळ होते. प्रस्तुत लेखकास पहिल्या चकमकीचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. संमोहनाने मनात पेरलेली सूचना जागविताच मँडेलाची तुकडी प्रतिकार न करणाऱ्या परग्रहवासीयांची कत्तल करते. कार्यक्षमता वाढली, हे खरेच! अमेरिकी विशेष दलांची ‘टॅलोस’ कवचयोजना (२०१३-२०१९) परिपूर्ण पोशाख हाती न येताच आटोपली. हाल्डमन यांचा प्रश्न मात्र कवच यशस्वी झाल्यावरच उद्भवतो. द्वेष बाहेरून पेरलेला होता, हे मँडेला जाणतो. तरीही स्वतःस निर्दोष मानू शकत नाही.