मिठाचा न सापडणारा रेणू

मीठ पाण्यात का विरघळते? पुष्कळशा शालेय पुस्तकांत याचे उत्तर एका चित्राने दिलेले असते. सोडियम आणि क्लोरीन यांची जोडी, म्हणजे ‘मिठाचा रेणू’, आणि पाणी त्याचे दोन तुकडे करते. चित्र सुटसुटीत आहे, फळ्यावर चटकन काढता येते. पण आमचा त्याला आक्षेप आहे.

१९१३ साली लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. मग कोणाची जोडी कोणाशी लावायची? स्फटिकात मिठाचा रेणू नसतोच. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञांनी १९२७ साली ‘नेचर’मध्ये या रचनेची खिल्ली उडवली होती. विज्ञान पुढे गेले, आपली चित्रे मात्र अजून आर्मस्ट्राँग यांच्याच बाजूची आहेत.

म्हणजे पाणी आयन ‘तयार’ करत नाही, असलेले सुटे करते. पाण्याच्या रेणूंची ऑक्सिजनकडील बाजू सोडियमकडे वळते, हायड्रोजनकडील बाजू क्लोराइडकडे. ५८.५ ग्रॅम मिठातील आयन वेगळे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यांना पाण्याने वेढले की जवळजवळ तेवढीच परत मिळते, जेमतेम ४ किलोज्यूल कमी. तरीही मीठ विरघळते, कारण मोकळे झालेले आयन असंख्य प्रकारे विखुरले जाऊ शकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आम्ल आणि अल्कली मिळून क्षार होतो, म्हणून क्षार उदासीन’ हे वाक्य मुले पाठ करतात. मिठाच्या बाबतीत ते खरे ठरते. पण धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात हळदीचा कागद बुडवा, तो लाल होतो. कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. उलट नवसागराच्या द्रावणात निळा लिटमस लालसर होतो, कारण अमोनियम आयन पाण्याला हायड्रोजन आयन देतो. सोडियम आणि क्लोराइड यांपैकी काहीच करत नाहीत.

मिठाचे उदाहरण सर्वांत सोपे, म्हणून ते एकटेच शिकवले जाते आणि अपवादाचा नियम होतो. मीठ, सोडा आणि नवसागर यांची तीन द्रावणे शेजारी ठेवायला फार तर दहा मिनिटे लागतात. तेवढी दिली, तर पाठ केलेले वाक्य मुले स्वतःच तपासतील.