ख्रिस्तवासी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील मरणोत्तर आशेची भाषा

मराठीत माणूस गेला की त्याच्या नावाआधी नवा पत्ता लागतो. शैव असो वा नसो, तो कैलासवासी होतो. माळकऱ्याच्या घरात वैकुंठवासी होतो. आणि कशाचीच खात्री नसेल तर स्वर्गवासी. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मात्र 'ख्रिस्तवासी' किंवा 'प्रभुवासी' असे शब्द रूढ आहेत. 'पैगंबरवासी' हा शब्दही त्याच साच्यातला. घडण सगळ्यांची एक, पण कैलास, वैकुंठ, स्वर्ग ही स्थळे आहेत आणि ख्रिस्त ही व्यक्ती आहे. गेलेला माणूस कुठे गेला, यापेक्षा तो कुणाजवळ आहे, हे हा शब्द सांगतो.

या फरकाला मी महत्त्व देतो, त्याला कारण आहे. मरणाविषयीची ख्रिस्ती आशा 'स्वर्ग' या शब्दात मावत नाही. तरीही मराठीने तिला बहुतेक वेळा त्याच शब्दात बसवले. परिणाम असा की, पुण्य केले तर स्वर्ग आणि पाप केले तर नरक, एवढाच ख्रिस्ती धर्म बाहेरच्या वाचकाला दिसतो. आतल्या माणसाच्या हातीही हळूहळू तेवढाच उरतो.

मुळात ही आशा काय आहे? चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या मतांगीकाराचा शेवट शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन या दोन गोष्टींवर होतो. आत्म्याच्या अमरत्वाचा त्यात उल्लेख नाही. स्वर्गाचा आहे, पण तो देवाच्या निर्मितीच्या आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या संदर्भात; मेल्यावर माणसे तिथे जातील असे तिथे म्हटलेले नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल मृत देहाला पेरलेल्या बियाण्याची उपमा देतो आणि मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. बायबलच्या अखेरच्या पुस्तकात तर माणसे वर जात नाहीत. देवाची नगरीच खाली, नव्या झालेल्या पृथ्वीकडे उतरते. म्हणजे आशा दोन टप्प्यांची आहे. मरणानंतर ख्रिस्ताजवळ विसावा हा पहिला टप्पा, आणि शेवटच्या दिवशी देहासह उठणे हा दुसरा. 'स्वर्ग' हा शब्द फार तर पहिल्या टप्प्याला पुरतो.

ऑस्कर कुलमान या धर्मशास्त्रज्ञाने १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात हा मुद्दा दोन मरणे शेजारी ठेवून मांडला होता. सॉक्रेटीस शांतपणे विषाचा प्याला घेतो, कारण देह हा तुरुंग आणि मरण ही सुटका, असे तो मानतो. येशू मात्र गेथशेमाने बागेत मरणाच्या विचाराने व्याकूळ होतो. ज्याला देह हा तुरुंग वाटत नाही, त्याला मरण ही सुटका वाटणार नाही. जीर्ण वस्त्र टाकण्याची उपमा लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला यांतला सॉक्रेटीस ओळखीचा वाटेल, आणि येशूचे भय कदाचित कोड्यात टाकेल. मराठीत ही आशा सांगू पाहणाऱ्या प्रत्येक लेखकाला हे कोडे सोडवावे लागले.

पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' रायतूरला रोमन लिपीत छापून निघाले. दोन भागांत मिळून १०,९६२ ओव्या. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीगुरूकडे तक्रारवजा मागणी करतो : जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काहीतरी द्या. ज्या साष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली, तिथल्या नवख्रिस्ती माणसाच्या तोंडची ही मागणी आहे. तिच्यातली पोकळी ओळखूनच स्टीफन्सने पुराणाचा घाट घेतला.

आणि ख्रिस्ती स्वर्गासाठी त्याने सढळपणे शब्द वापरला तो 'वैकुंठ'. देऊळ पाडलेल्या देवाच्या निवासाचे नाव पाद्रीच्या पुराणात परत आले. याला धूर्तपणा म्हणून सोडून देता येईल, पण मला ही निवड विचारपूर्वक केलेली वाटते. आपल्याकडे स्वर्ग ही मुक्कामाची जागा आहे, घर नव्हे. पुण्य संपले की तिथून परतावे लागते, हे गीतेच्या नवव्या अध्यायात आहे आणि ज्ञानेश्वरांनीही स्वर्गाच्या इच्छेला कमीच लेखले आहे. वैकुंठाहून मात्र परतणे नाही, आणि तिथे भक्ताला देवाचा सहवास आहे. सार्वकालिक जीवन सांगायचे तर १६१६ च्या मराठी श्रोत्यासाठी याहून जवळचा शब्द नव्हता.

तरी एक अडचण राहिलीच. वैकुंठ हा वरचा, वेगळा लोक. देह इथेच टाकून तिथे जायचे, अशीच ऐकणाऱ्याची समजूत होणार. याला मराठी परंपरेतच एक अपवाद आहे, आणि तो क्रिस्तपुराणानंतर चौतीस वर्षांनी, १६५० साली घडला असे परंपरा मानते : तुकोबांचे सदेह वैकुंठगमन. देहासकट जाण्याची कल्पना मराठी मनाला परकी नाही, हे यावरून दिसते. पण ते एका संताचे भाग्य आहे, म्हणूनच ते अपूर्व. ख्रिस्ती मतांगीकार तेच सरसकट सगळ्यांना सांगतो : कोळ्याला, कुणब्याला, कुष्ठरोग्याला. शिवाय जाण्याची दिशाही उलटी आहे. माणूस वैकुंठाला जात नाही, वैकुंठच पृथ्वीवर येते. स्टीफन्सच्या शब्दात हा उलटेपणा उतरणे कठीण होते.

दोनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट मिशनरी आले. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ साली निघाला. पुढच्या भाषांतरांतून एक वेगळीच शब्दावली रुळत गेली : तारण, सार्वकालिक जीवन, पुनरुत्थान, अधोलोक, सुखलोक. यांतला 'पुनरुत्थान' शब्द नेमका आहे. त्यात उठणे आहे, सुटणे नाही. पण वैकुंठ मागे पडून पुढे आला तो 'स्वर्ग'. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 'स्वर्गाचे राज्य' हा शब्दप्रयोग पाहावा. मार्क आणि लूक जिथे 'देवाचे राज्य' म्हणतात, तिथे मत्तय बहुतेक ठिकाणी देवाचे नाव टाळण्याच्या यहुदी रीतीने 'स्वर्ग' म्हणतो. म्हणजे ते मेल्यावर जायचे ठिकाण नव्हे, ती जवळ येत असलेली देवाची सत्ता आहे. मराठी वाचक मात्र 'स्वर्गाचे राज्य' वाचताच आभाळाकडे पाहतो.

शब्दांच्या या वादातून माणसांच्या जगण्यात काय बदलते, याचे उत्तर बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत सापडते. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा जाहीर हेतू. तिच्याकडे समाजसुधारणेची आणि धर्मप्रचाराची कादंबरी म्हणून पाहिले जाते, आणि ते खरेच आहे. पण नवरा गेल्यावर यमुना ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते, त्यामागे मरणोत्तर जीवनाविषयीची एक भूमिका आहे. पतीशी नाते जन्मोजन्मीचे असेल, तर त्याच्या मरणाने ते संपत नाही आणि मागे राहिलेली बाई त्याचीच राहते. सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली बाई पुनरुत्थानात कुणाची बायको, असे सदूकींनी येशूला खोचकपणे विचारले होते. पुनरुत्थानात लग्न करणे नाही आणि लग्न करून देणेही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. ख्रिस्ती मताने विवाह मरणाशी संपतो. परलोकात तिच्यावर कुणाचा हक्क नाही, म्हणून इहलोकात तिला मोकळीक. कादंबरी हे सिद्धान्त म्हणून मांडत बसत नाही, पण तिचा शेवट त्यावरच उभा आहे.

हाच धागा पंडिता रमाबाईंपर्यंत येतो. १८९० च्या दशकाच्या अखेरीस केडगावला दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या मुली-बायकांसाठी त्यांनी जे घर उभे केले, त्याला नाव दिले 'मुक्ती'. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, हा या शब्दाचा अर्थ संस्कृत शास्त्रे शिकलेल्या रमाबाईंना कुणी सांगायला नको होता. तरी हा शब्द त्यांनी आणून ठेवला तो स्वयंपाकघर, शाळा, शेत आणि छापखाना असलेल्या एका आवारात. मुक्त व्हायला मरावे लागत नाही आणि मुक्त झालेल्याला देह टाकावा लागत नाही, हे त्या नावातच आले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

देहाच्या पुनरुत्थानाचा आणखी एक अर्थ इथल्या मातीतला आहे. नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. ज्या देहाचा गावाने विटाळ मानला, ज्याची सावली चालत नव्हती, तोच देह देव उठवणार आहे, हे वचन त्यांच्या कानी पडले. निव्वळ आत्म्याच्या समतेची ग्वाही आपल्याकडे बऱ्याच आधीपासून होती, तरी पाणवठा वेगळाच राहिला. देहाला दिलेले वचन झटकणे अधिक अवघड असते. खुद्द चर्चमध्येही जात टिकून राहिली, हे कुणी नाकारू नये. पण ती टिकवणाऱ्यांना त्यांचाच मतांगीकार दर रविवारी खोटे ठरवत होता.

परलोकाची आशा ही गरिबाला गप्प बसवणारी अफू आहे, हा मार्क्सचा आक्षेप इथे घ्यायलाच हवा. नरकाचे भय घालणाऱ्या आणि स्वर्गाचे आमिष दाखवणाऱ्या प्रचारपुस्तिका वाचल्या की तो पटतोही. पण हा आक्षेप लागतो तो इहलोक सोडून जाण्याच्या स्वर्गाला. पृथ्वीच नवी होणार, असे मानणाऱ्याला पृथ्वीवरचा अन्याय 'चालायचेच' म्हणून सोडून देता येत नाही. शब्द घसरला की आशा अफूकडे घसरते, म्हणून शब्दाची चौकशी गरजेची.

अंत्यविधीच्या रीतीतही ही ओढाताण दिसते. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला परवानगी दिली, कारण राखेतून उठवणेही देवाला अशक्य नाही. मात्र २०१६ साली रोमने पुन्हा बजावले की रक्षा वाऱ्यावर वा पाण्यात सोडू नये, पवित्र जागी जपून ठेवावी. देह ही टाकून द्यायची वस्तू नव्हे, हा त्यामागचा आग्रह. आपल्या खेड्यांत दहन असो वा दफन, लोक 'मातीला' जातात. ख्रिस्ती माणूसही मूठभर माती देतो. फक्त पौलाची उपमा आठवत असेल, तर त्याच्या लेखी ती पेरणी असते.

वसईकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कुटुंबे कबरींवर फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. शुद्धीस्थानातल्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. प्रॉटेस्टंट हे शुद्धीस्थान मानत नाहीत, मेलेल्यांसाठी प्रार्थनाही करत नाहीत. पण उठण्याच्या आशेवर दोघांचे एकमत आहे. २०२४ साली बलिप्रतिपदा नेमकी त्याच तारखेला आली. त्या संध्याकाळी अंगणात पणत्या होत्या आणि दफनभूमीत मेणबत्त्या. दफनभूमीसाठी ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ होतो निजण्याची जागा. मराठी ख्रिस्ती माणसाने 'स्वर्गवासी' हा तयार शब्द बाजूला ठेवून 'ख्रिस्तवासी' म्हटले, तेव्हा त्याने हेच जपले : निजलेला माणूस कुणाच्या तरी जवळ आहे, आणि त्याला उठायचे आहे.