चालल्याचा साक्षीदार कोण?



स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोम्पोस्तेला नावाचे गाव आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी संत याकोब यांची समाधी तेथे आहे अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा, आणि तिच्या दर्शनाला हजार वर्षांहून अधिक काळ लोक पायी जात आले आहेत. फ्रान्सच्या सीमेवरून निघाले तर वाट सुमारे ७८० किलोमीटरची होते. वाट पुरी करून आलेल्या यात्रेकरूला तेथील कॅथेड्रल, म्हणजे मोठे देऊळ, लॅटिन भाषेतला एक दाखला देते. त्याला ‘कोम्पोस्तेला’ असेच म्हणतात. १९८६ साली असे अडीच हजार दाखलेही दिले गेले नव्हते. २०२४ साली ती संख्या पाच लाखांच्या घरात गेली.

हे आज मांडण्याचे कारण असे की आपल्या दिंड्यांतली तरुण मंडळीही आता विचारू लागली आहेत, “महाराज, तिकडे देतात, मग पूर्ण वारी चालणाऱ्याला आपणही प्रमाणपत्र का देऊ नये?” ‘आपल्यात तशी पद्धत नाही’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही आणि व्हायलाही नको. कीर्तनात पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्त सांगत नाहीत. म्हणून तो कागद काय आहे, ते आधी पाहू.

पायी किंवा घोड्यावरून किमान १०० किलोमीटर आणि सायकलने २०० किलोमीटर वाट झाली पाहिजे, असा नियम आहे. यात्रेकरूजवळ एक घडीची पुस्तिका असते. वाटेतली चर्च, धर्मशाळा, खानावळी तीवर शिक्का उमटवतात. शेवटच्या टप्प्यात रोज किमान दोन शिक्के लागतात. ही पुस्तिका यात्रेकरूंच्या कचेरीत दाखवली की ती तपासली जाते आणि यात्रेचा हेतूही पाहिला जातो. धर्मभावनेने, आत्मिक ओढीने किंवा निदान शोधाच्या वृत्तीने चाललो असे सांगणाऱ्यालाच कोम्पोस्तेला मिळते. जो केवळ हौसेने किंवा व्यायामासाठी आला, त्याला स्वागताचा वेगळा कागद देतात. किती अंतर चाललो हे लिहून हवे असेल तर त्याचे थोडे पैसे पडतात. भावाचा दाखला मात्र विनामूल्य मिळतो.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. शिक्क्यांवरून पाय कोठे कोठे पडले ते कळते. मन कोठे होते ते कोणत्या शिक्क्यावरून कळणार? ते कचेरीलाही ठाऊक आहे. म्हणून ती यात्रेकरूलाच विचारते आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. म्हणजे त्या कागदातल्या मुख्य गोष्टीचा, भक्तीचा, साक्षीदार यात्रेकरू स्वतःच आहे. कचेरी फक्त त्याचे बोलणे लॅटिनमध्ये उतरवते. ज्याने खोटे सांगितले त्याच्याही हाती तोच कागद पडतो. मग त्या कागदाचे मोल त्याच्या एकट्याच्या मनात ठरते.

आणखी एक गोष्ट. कोणी मृत आप्तासाठी, किंवा आजाराने चालू न शकणाऱ्या माणसासाठी ही वाट चालला, तर त्या माणसाचे नावही दाखल्यात घालता येते. बापाची वारी मुलाने पुढे चालवायची, ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट आहे. तेव्हा हा कागद पाहून हसू नये. त्यात खरे प्रेम आहे.

मग तो आपण का घेऊ नये? याचे उत्तर त्या दाखल्याच्या जन्मातच आहे. जुन्या काळी यात्रेकरू तेथून खूण म्हणून शिंपला आणत. तोच अंगावर लावून तो गावी परते. पुढे शिंपले भलतीकडेच विकले जाऊ लागले, तेव्हा लेखी दाखला आला. त्याची गरजही खरी होती. युरोपात काही ठिकाणी न्यायाधीश गुन्हेगाराला शिक्षा म्हणून या यात्रेला धाडत. त्याला परत येऊन पुरावा द्यावा लागे. कोणी दुसऱ्याच्या नवसासाठी पैसे घेऊन चाले. त्यालाही पुरावा लागे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इसाबेल आणि फर्नांदो या राजदंपतीने सांतियागोत यात्रेकरूंसाठी मोठे रुग्णालय उभारायचे ठरवले. तेथे दाखला दाखवला की तीन दिवसांचा आसरा मिळे. घरापासून महिनोन्‌महिने लांब, अनोळखी मुलखात गेलेल्या माणसाला कागदाशिवाय कोण ओळखणार?

आता आपली वाट पाहा. वारकरी गावासकट चालतो. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या आणि मागे त्यांच्या कितीतरी पट, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीत विणेकरी, टाळकरी, तुळशी डोक्यावर घेतलेल्या मायबहिणी. कोण मागे राहिले, कोणाच्या पायाला फोड आले, कोणाचा ताप उतरला, हे मुक्कामावर सगळ्यांना ठाऊक असते. संध्याकाळी समाज आरतीला चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, आणि तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. हरवले-सापडलेलेही तेथेच पुकारतात. एवढे हजारो डोळे आणि कान सोबत असताना चालल्याचा पुरावा कोणी कोणाला द्यायचा?

दुसरा भेद माळेचा. दाखला वाट संपल्यावर मिळतो आणि झालेल्या गोष्टीची नोंद करतो. तुळशीची माळ आधी गळ्यात पडते आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे बंधन घालते. एकदा पंढरपूरला जाऊन आलेला माणूस यात्रेकरू झाला. पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. ज्याची समाप्तीच नाही त्याचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेला लिहावे?

इथपर्यंतचा सिद्धान्त सोपा आहे. पण तरुणांना कागद हवासा का वाटतो, हे विचारल्याशिवाय विषय पुरा होत नाही. पूर्वी माणूस वारीला आला तो चुलत्याबरोबर, शेजाऱ्याबरोबर आला. आता कितीतरी मुले शहरातून एकटी येतात, दोन दिवस एखाद्या दिंडीमागे चालतात, आणि त्यांचे नावही कोणी विचारत नाही. ज्याला कोणी पाहिले नाही तो पुरावा शोधणारच. तो कागद मागतो, फोटो काढतो, आणि आपण त्याला प्रदर्शनाची हौस म्हणून नावे ठेवतो. खरे म्हणजे त्या जुन्या परदेशी यात्रेकरूसारखाच तो आपल्याच वाटेवर अनोळखी झालेला असतो. ही उणीव त्याची नाही, दिंडीची आहे.

सांतियागोच्या त्या देवळात यात्रेकरू वेदीमागच्या पायऱ्या चढतो आणि संत याकोबांच्या मूर्तीला पाठीमागून मिठी मारतो. त्या मिठीसाठी पुस्तिका दाखवावी लागत नाही. आपल्याकडे तर देवाच्या पायांवर डोके ठेवण्याआधी, वाटेत भेटेल त्याच्या पायांवर डोके ठेवायची रीत आहे. वय, जात, विद्या न पाहता एक दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो आणि दोघेही वाकतात. वारकऱ्याला वारकरी म्हणून ओळखण्याची आपली जुनी रीत हीच. तिला शाई लागत नाही, पण समोर माणूस लागतो.

म्हणून दिंडीचालकांना माझी विनंती आहे. छपाईचा खर्च करू नका. नवा माणूस दिंडीत आला की पहिल्याच मुक्कामावर विणेकऱ्यांनी त्याचे नाव-गाव विचारावे, पंगतीत जवळ बसवावे, आणि हाती टाळ द्यावेत. तिकडची कचेरी हेतू विचारते, तसे आपणही एखाद्या संध्याकाळी त्याला प्रेमाने विचारावे, “बाळा, का चालतोस?” उत्तर काहीही येवो, ते ऐकून घ्यावे. आणि पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यानंतर माणसे पांगण्याआधी त्याला नावाने हाक मारून उराउरी भेटावे. पुढच्या वर्षी तो आला नाही, तर कोणीतरी त्याची चौकशी करावी.