सकारान्त इंग्रजी नामांची षष्ठी : एका नियमाची चिकित्सा

इंग्रजीच्या शालेय व्याकरणांतून एक नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात आला आहे. नामाच्या अंती ‘एस्‌’ हे अक्षर असल्यास षष्ठीसाठी केवळ लोपचिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, द्यावे. दुसरा ‘एस्‌’ जोडू नये, असा तो नियम होय. नियम सुटसुटीत आहे. परंतु अंती दिसणारे अक्षर प्रकृतीचे की प्रत्ययाचे, हा प्रश्नच तो विचारीत नाही. आणि त्याचे सारे वैगुण्य येथेच आहे.

‘बॉस’ या शब्दाचे अनेकवचन, एकवचनाची षष्ठी व अनेकवचनाची षष्ठी ही तिन्ही रूपे लेखनात भिन्न आहेत. उच्चार मात्र तिहींचा ‘बॉसिझ’ असा एकच. या एकरूपतेचे मूळ इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत ‘स्तान’ (दगड) या नामाची षष्ठी ‘स्तानेस’ व अनेकवचन ‘स्तानास’ असे होत असे. पुढे अंत्य स्वर क्षीण होऊन दोन्ही प्रत्यय एकरूप झाले. लोपचिन्हाने त्यांत केलेला भेद उत्तरकालीन असून तो डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नव्हे.

‘बॉइझ’ या रूपात अनेकवचनाचा प्रत्यय आधीच विद्यमान असल्यामुळे त्यावर षष्ठीचा सजातीय प्रत्यय उच्चारला जात नाही. तेथे केवळ चिन्ह योग्यच होय. ‘जोन्स’ मधील सकार मात्र प्रकृतीचा आहे. त्याची षष्ठी सामान्यतः ‘जोन्सिझ’ अशी ऐकू येते. मग ती लेखनात का लपवावी?

येथे वचनाची कसोटी पुरेशी आहे, असे कोणी म्हणेल. ती पुरत नाही. ‘गीस’ (हंसजातीय पक्षी) हे अनेकवचन असूनही त्यातील सकार प्रकृतीचा असल्यामुळे षष्ठीचा प्रत्यय पूर्णपणे लागतो. उलट ‘युनायटेड स्टेट्स’ हे नाम एका राष्ट्राचे असूनही त्यात अनेकवचनाचा प्रत्यय असल्यामुळे केवळ चिन्ह येते. निर्णायक आहे तो प्रकृति-प्रत्ययविवेकच.

विल्यम स्ट्रंक यांनी 1918 साली एकवचनी नामास सर्वत्र पूर्ण प्रत्यय लावण्याचा नियम घालून दिला व प्राचीन विशेषनामांचा अपवाद केला. ‘मोझेस’सारख्या नामांत पुष्कळ वक्ते अधिक अक्षर उच्चारीत नाहीत, हे लक्षात घेता तो अपवाद निराधार नाही. याउलट असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची लेखनपद्धती सर्वच सकारान्त एकवचनी विशेषनामांना केवळ चिन्ह देते. विशेषनाम व सामान्यनाम यांत असा भेद करण्यास बोलीचा आधार नाही. हा मतभेद न्यायासनापर्यंतही पोहोचलेला दिसतो. ‘कॅन्सस विरुद्ध मार्श’ या 2006 मधील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे बहुमताचे निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी ‘कॅन्सस’पुढे केवळ चिन्ह दिले, भिन्नमत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी मात्र पूर्ण प्रत्यय लावला.

मराठी विद्यार्थ्यास प्रकृती व प्रत्यय या संज्ञा अपरिचित नाहीत. त्याला अंत्य अक्षर पाहावयास शिकविण्याऐवजी ते अक्षर कशाचे आहे हे ओळखावयास शिकविल्यास अपवादांची यादी बरीच आखूड होईल. अंत्याक्षराचा नियम पाठांतरास सोपा असेल. परंतु व्याकरणाचे कार्य भाषेचे स्वरूप उकलून दाखविणे हे होय, आणि ते त्याच्याकडून होत नाही.